बाळंतपणानंतर चेहऱ्यावर येणारा वांग

बाळ झाले. बारसे झाले. बाळंतीण उठून हिंडूफिरू लागली. मग एक दिवस तिने आरशात पाहिले. दोन्ही गालांवर काळपट डाग. कपाळावरही थोडे. वरच्या ओठावर मिशीसारखी काळी छटा. तिला वाटले, तव्याची काजळी लागली असेल. पदराने पुसले. साबणाने धुतले. डाग गेला नाही.

याला आपण वांग म्हणतो. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत याचे नाव व्यंग असे आहे. म्हणजे हा त्रास आजचा नव्हे, फार जुना आहे.

वांग आला की घरात बोलणी सुरू होतात. कोणी म्हणते, नजर लागली. कोणी म्हणते, गरोदरपणी वाईटसाईट खाल्ले. कोणी म्हणते, तोंड काळवंडले म्हणजे मुलगीच होणार. यातले एकही खरे नाही. मुलगा की मुलगी, याचा आणि चेहऱ्याच्या डागाचा काडीचाही संबंध नाही.

मग खरे कारण काय? नीट ऐका.

आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या बारीक पेशी असतात. त्या रंगाचे कण तयार करतात. हा रंग म्हणजे कातडीची छत्रीच. उन्हाने आतली कातडी भाजू नये म्हणून ती छत्री उघडते. शेतकऱ्याने सदरा काढला की हे दिसते. मनगट काळे, खांदा उजळ. माणूस एकच, कातडीही एकच. जिथे ऊन लागले तिथे रंग जास्त झाला, इतकेच.

बाईला दिवस गेले की तिच्या रक्तात काही रस वाढतात. डॉक्टर त्यांना हार्मोन म्हणतात. मराठीत संप्रेरके. गर्भ वाढवायला ती लागतातच. पण त्यांच्यामुळे या रंगाच्या पेशीही जाग्या होतात. म्हणून गरोदरपणी बेंबीखाली एक काळी उभी रेघ उमटते. स्तनाग्रे काळी होतात. ती रेघ झाकलेली असते, तिच्याबद्दल कोणी काही बोलत नाही. चेहरा मात्र उघडा. त्यावर वरून ऊन पडते. आतून संप्रेरके आणि बाहेरून ऊन, असे दोन्ही मिळाले की वांग उठतो. ज्या घरात आईला, मावशीला वांग होता, तिथे लेकीला होण्याचा संभव जास्त.

वांग खाजत नाही. दुखत नाही. बाळाला लागत नाही. अंगावर पाजायला त्याची काही आडकाठी नाही. बाळंतपणानंतर संप्रेरके उतरतात आणि डाग हळूहळू फिके पडतात. हळूहळू म्हणजे महिन्यांनी. कोणाला सहा महिने, कोणाला वर्ष. काही बायांचा थोडा राहतोच, आणि पुढच्या खेपेला पुन्हा गडद होतो.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

संभाजीनगरहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे वाळूज. एका बाजूला कारखाने, दुसऱ्या बाजूला कापूस-बाजरीची रानं. थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातव्या महिन्यातच तिच्या गालांवर वांग आला. बाळंतपण सुखरूप झाले. पण पाहायला येणारी प्रत्येक बाई आधी बाळाकडे पाही, मग पोरीच्या तोंडाकडे. सासरहून आलेली एक बाई तर बोलून गेली, "पोर गोरी दिली होती आम्हाला." त्या दिवसापासून पोरीने आरसा उलटा करून ठेवला. धाकट्या भावाच्या साखरपुड्यात फोटोला उभी राहिली नाही.

तिच्या आईला हे पाहवेना. तिने दुकानातून एक ट्यूब आणली. दुकानदार म्हणाला, "आठ दिवसांत फरक पडतो." चिठ्ठी मागितली नाही. मी ती ट्यूब हातात घेतली. मी शाळेत मोठा गुरुजी होतो. इंग्रजी अक्षरे मला येतात. मी नावे वाचली आणि परत दिली. वाचता आले, पण कळले नाही. विचारायचेही सुचले नाही.

आठ दिवसांत खरोखर फरक पडला. चेहरा उजळला. आम्ही सगळे खूश. पोरीने आणखी दोन ट्यूब वापरल्या. तिसऱ्या महिन्यात गाल लाल दिसू लागले. बारीक लाल शिरा दिसू लागल्या. पुटकुळ्या आल्या. हनुवटीवर लव वाढली. उन्हात पाऊल टाकले की तोंडाची आग. मलम बंद केले तर आग दुप्पट, आणि डाग पहिल्यापेक्षा काळे.

"अण्णा, तोंडावर मिरची लावल्यासारखं होतंय," ती म्हणाली.

मग तिला घाटीत नेले. घाटी म्हणजे संभाजीनगरचे सरकारी मेडिकल कॉलेजचे रुग्णालय. १९५६ सालापासूनचे हे कॉलेज. तिथे कातडीच्या रोगांचा वेगळा विभाग आहे. डॉक्टरीणबाईंनी ट्यूब पाहिली आणि विचारले, "हे किती दिवस लावलं?" मग समजावून सांगितले.

त्या मलमात स्टेरॉइड होते. स्टेरॉइड हे औषध वाईट नव्हे. योग्य रोगाला, योग्य दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली ते फार उपयोगी. पण रोज तोंडाला चोळले तर कातडी पातळ होते. कातडीला त्याची सवय लागते, जशी माणसाला तंबाखूची. सोडले की कातडी चवताळते. असल्या कित्येक मलमांत तीन औषधे एकत्र असतात : डाग फिका करणारे हायड्रोक्विनोन, कातडीचा वरचा थर सोलणारे ट्रेटिनॉइन, आणि तिसरे स्टेरॉइड. डॉक्टर हे मलम देतात, नाही असे नाही, पण मोजके आठवडे देतात. गरोदर बाईने तर ते लावूच नये. अंगावर पाजणाऱ्या बाईने विचारल्याशिवाय लावू नये. बाळ आईच्या गालाला गाल लावते. आईच्या गालावरचे मलम बाळाच्या कातडीला लागते.

२०१८ साली केंद्र सरकारने नियम केला. स्टेरॉइड असलेली कित्येक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. नियम आहे, पण काउंटरवरून मलम मिळते हेही तुम्ही-आम्ही जाणतो. तेव्हा ट्यूब वाचायला शिका. इंग्रजी ‘आर’ अक्षराच्या पायाला जोडून ‘एक्स’ची काट असेल, तर ते चिठ्ठीचे औषध. शाळेत जाणाऱ्या पोराला जवळ बसवा आणि नावे वाचून घ्या. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन. यातले एकही नाव असले तर ते स्टेरॉइड. ते आपल्या मनाने तोंडाला लावायचे नाही. हे चार शब्द भिंतीवर लिहून ठेवले तरी चालेल.

याहून वाईट प्रकार बिननावाच्या डबीचा. डबीवर कारखान्याचे नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेले नाही. अशा गोरे करणाऱ्या काही क्रीममध्ये पारा सापडला आहे. पारा रंग बनू देत नाही, म्हणून चेहरा झटकन उजळतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडे बिघडवतो. हे दूरदेशचे नव्हे. आपल्या अकोल्यात एका घरातल्या मायलेकींना असे क्रीम लावून मूत्रपिंडाचा रोग झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयाने क्रीम तपासले, तेव्हा पारा निघाला. २०२३ सालच्या सुरुवातीला ही बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली होती. वर्षानुवर्षे टिकणारा डाग परवडला, मूत्रपिंड गेलेले परवडत नाही.

मग करायचे काय?

पहिले औषध सावली. हे फुकट आहे, म्हणून कोणी त्याला औषध मानत नाही. सकाळी दहा ते दुपारी चार हे ऊन कडक. या वेळात बाहेर जावेच लागले तर पदर पुढे ओढा, ओढणी गुंडाळा. कापूस वेचायला जाता तेव्हा डोक्यावरचा रुमाल कपाळ आणि गाल झाकेल असा बांधा. वाळूजच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या पोरी डोळे तेवढे उघडे ठेवून जातात. आमच्या वयाची माणसे त्यांना हसतात. मीही हसलो आहे. पोरींचे बरोबर होते.

दुसरे, उन्हापासून रक्षण करणारे मलम. त्याला सनस्क्रीन म्हणतात. त्यावर एसपीएफ ३० किंवा जास्त असा आकडा पाहा. बाहेर पडण्याआधी लावा, दोन-तीन तासांनी पुन्हा लावा. अंगावर पाजणाऱ्या बाईला ते चालते. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी ओढणीवर भरवसा ठेवावा. ओढणीही पुष्कळ काम करते.

घरगुती उपाय पुष्कळ. जायफळ दुधात उगाळून लावतात. हळद-बेसन लावतात. आग होत नसेल तर हलक्या हाताने लावायला हरकत नाही, पण त्याने वांग पुसला जाईल अशी आशा धरू नका. लिंबू मात्र तोंडाला नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेले तर कातडी भाजते आणि नवे डाग पडतात. डाग घासून काढायचा तर मुळीच नाही. वांग वर बसलेला मळ नव्हे, कातडीच्या आतला रंग आहे. जितके घासाल तितका तो वाढतो.

आणखी एक. पाळणा लांबवायच्या काही गोळ्यांनीही वांग वाढतो. सरकारी माला-एन ही अशी संप्रेरकांची गोळी आहे. पण म्हणून गोळी एकाएकी सोडू नका, नाहीतर वांगाच्या भीतीने दुसराच घोटाळा व्हायचा. आरोग्य सेविकेला सांगा. तांबी आहे, छाया नावाची संप्रेरके नसलेली गोळी आहे. ती तुम्हाला योग्य ते सांगेल. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत पाजणाऱ्या आईला माला-एन तसेही देत नाहीत.

वर्षभराने डाग तसाच राहिला तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांच्याकडे सौम्य औषधेही आहेत. ॲझेलिक आम्लाचे मलम पाजणाऱ्या आईलाही देता येते.

आता महत्त्वाचे. बाळंतिणीच्या चेहऱ्यावरचा प्रत्येक बदल वांग नसतो.

चेहरा एकाएकी सुजला, डोके फार दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटात वर दुखते, तर रक्तदाब वाढलेला असू शकतो. बाळ झाल्यावर सहा आठवड्यांपर्यंत हे होऊ शकते. यात झटके येऊन बाई दगावते. दृष्ट काढत बसू नका. १०८ क्रमांकाला फोन करा आणि रात्र असली तरी दवाखान्यात न्या.

डाग काळा नसून आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिका किंवा लालसर असेल, आणि तिथे टोचलेले कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. गरोदरपणी किंवा बाळंतपणानंतर तो कधी कधी पहिल्यांदा दिसून येतो. घाबरायचे कारण नाही. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात आणि रोग पुरता बरा होतो. उशीर केला तरच हातापायाची बोटे वाकडी होतात.

चेहरा पांढराफटक, जिना चढताना धाप, तर अंगात रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. आशाताई आणून देतात. पुष्कळ घरांत त्या फडताळात तशाच पडून असतात.

गालावर गोल चट्टा, कडा लाल आणि खूप खाज, तर नायटा. त्यावर स्टेरॉइडचे मलम लावले की खाज थांबते आणि नायटा आतून पसरतो.

माझ्या लेकीचे तोंड शांत व्हायला वर्ष लागले. डॉक्टरीणबाईंनी मलम सावकाश सोडवले. मधले दिवस वाईट गेले. जावई मात्र भला निघाला. दर महिन्याला तिला घाटीत घेऊन जायचा आणि रांगेत स्वतः उभा राहायचा. आता गालावर थोडी छटा आहे, जवळून पाहिली तर दिसते. आरसा सुलटा झाला आहे.

ती रिकामी ट्यूब मी टाकली नाही. ओसरीतल्या कोनाड्यात ठेवली आहे. गल्लीतल्या बाया विचारायला येतात, "गुरुजी, हे मलम लावू का?" मग मी चष्मा लावतो आणि दोन्ही ट्यूब शेजारी ठेवून नावे जुळवून पाहतो.