हायड्रिलाचे बुडबुडे

तळ्यात किंवा संथ ओढ्यात पाण्याखाली वाढणारी हायड्रिला तुम्ही पाहिली असेल. पाण्यात उभी डोलणारी तिची फांदी बाहेर काढताच ओल्या दोऱ्यासारखी लोंबू लागते. असे का व्हावे? पाण्यात तिचा भार पाण्याचे प्लावक बल तोलून धरते. शिवाय खोडातील हवेच्या पोकळ्या तिला हलकी करतात. म्हणून तिला कठीण लाकडाची गरजच नसते.

पण दुसरी अडचण उरतेच. कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट मंद गतीने तो पाण्यात पसरतो. यावर उपाय म्हणजे पातळ पाने. हायड्रिलाचे पान, मधली शीर सोडल्यास, पेशींच्या अवघ्या २ थरांचे असते. वायूंची देवघेव त्याच्या सगळ्या पृष्ठभागातून होते.

पाण्यात बुडवलेली हिरवी पाने उन्हात बुडबुडे सोडतात आणि अंधारात ते थांबतात, हे यान इंगेनहाउस या डच वैद्याने १७७९ साली दाखवून दिले. तुम्हीही हे करून पाहा. काचेच्या भांड्यात तळ्याचे पाणी घ्या, चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवा आणि ताजी फांदी कापलेले टोक वर करून बुडवा. दिवा २० सेंटिमीटरवर ठेवा. पाच मिनिटे थांबून, टोकातून मिनिटाला किती बुडबुडे निघतात ते मोजा. मग दिवा ४० सेंटिमीटरवर न्या. अंतर दुप्पट झाले की लहान दिव्याचा प्रकाश चौथाई होतो. बुडबुडेही चौथाई होतात का? प्रत्येक वेळी तसे होईलच असे नाही. प्रकाश भरपूर असला, तर कार्बन डाय-ऑक्साइडच अपुरा पडतो आणि जादा प्रकाश वाया जातो.

आता तळ्याकडे वळू. माती वाहून येऊन पाणी गढूळ झाले, की जणू दिवा दूर सरकतो. तळाशी प्राणवायू तयार होणे मंदावते. उलट वनस्पतींची बेसुमार दाटी झाली, तर रात्री त्यांच्याच श्वसनाने पाण्यातला प्राणवायू घटतो. अशा तळ्यात पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करताना दिसतात. तेव्हा यापुढे एखाद्या तळ्याच्या काठी उभे राहिलात, तर आधी पाहा: पाण्यातून तळ कितपत दिसतो?