मोहरबंद स्नेह

इ. स. पूर्व ४४ च्या एप्रिल महिन्यात, ज्यूलियस सीझरच्या वधाला पुरता दीड महिनाही लोटला नसताना, नेपल्सच्या उपसागराकाठी पुतेओली येथे मुक्कामास असलेल्या रोमन वकील व मुत्सद्दी सिसेरोच्या हाती त्या वर्षीचा कॉन्सल मार्क अँटनी याचा लखोटा पडला. सेक्स्टस क्लोएलियस नामक एका हद्दपार इसमास रोमला परत आणावयाचे आहे, सीझरने हयातीतच त्यास मंजुरी दिली होती, तथापि आपल्या अनुमतीवाचून हे कार्य तडीस नेण्याची इच्छा नाही, असा त्यातील मजकूर होता. ज्याच्या कारवायांपायी १४ वर्षांपूर्वी खुद्द सिसेरोला परागंदा व्हावे लागले, त्या क्लोडियसचा हा क्लोएलियस म्हणजे उजवा हात. आणि तरीही सिसेरोने दिलेल्या उत्तरात स्नेहाला नुसता पूर आला आहे. हीच मागणी आपण समक्ष भेटून केली असती तर माझा लोभ शब्दांतूनच नव्हे, मुद्रेवरूनही आपणांस वाचता आला असता, अशी त्याची सुरुवात. दोन्ही पत्रांच्या नकला त्याने आपला जिवलग मित्र अॅटिकस याजकडे रवाना केल्या आणि सोबत लिहिले ते असे, की ही मागणी इतकी निर्लज्ज आहे की सीझरच बरा होता म्हणण्याची पाळी यावी. बाकी आपण नकार दिला असता तरी अँटनी ते करणारच होता, मग होकाराला कंजुषी कशाला!

एवढ्यावरून सिसेरोला दुतोंडी ठरविणे सोपे आहे, आणि पुष्कळांनी ते ठरविलेही आहे. परंतु रोमन प्रजासत्ताकात आजच्या अर्थाचे राजकीय पक्ष नव्हते. निवडणुकीतील मते, न्यायासनापुढील कैवार, सेनेटमधील पाठिंबा, दूरच्या सुभ्यात अडकलेली एखाद्या सावकाराची वसुली, हे सारे ज्या नात्याच्या बळावर चाले त्याला लॅटिन भाषेत ‘अमिकितिया’, म्हणजे मैत्री, असेच नाव होते. जिवाभावाच्या सख्यालाही तोच शब्द, आणि उद्या ज्याचा काटा काढावयाचा त्या आजच्या सोबत्यालाही तोच. सिसेरोच्या इतर स्नेह्यांशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या १६ भागांपैकी १३ वा भाग जवळजवळ सबंध शिफारसपत्रांनी भरला आहे, आणि प्रत्येक शिफारशीत तोच गृहस्थ आपल्याला सर्वांहून प्रिय असल्याची ग्वाही आहे. ती पत्रे सलग वाचण्याचे धाडस सहसा कोणी करू नये.

खासगी पत्रांसाठी सरकारी टपाल नव्हते. मेण लावलेल्या लाकडी पाटीवर किंवा पपायरसवर मजकूर लिहावा, दोऱ्याने बांधून मेणावर अंगठीची मोहर उठवावी, आणि घरच्या गुलाम जासुदाबरोबर किंवा करवसुलीच्या मक्तेदारांच्या हरकाऱ्याबरोबर तो लखोटा धाडावा, अशी वहिवाट. सिसेरो आशिया मायनरमधील किलिकिया प्रांताचा सुभेदार असताना रोमहून निघालेले पत्र ४७ व्या दिवशी पोहोचले, तर ते लवकर आले म्हणून त्याला समाधान वाटले. पत्र वाटेत फुटण्याचे भय नेहमीचेच, म्हणून इ. स. पूर्व ५९ मध्ये त्याने अॅटिकसला एक तोड सुचविली होती: यापुढे आपण स्वतःस लीलियस म्हणवू आणि तुम्ही फ्यूरियस व्हा.

त्या अॅटिकसशी मात्र हे मैत्रीचे दरबारी नाटक त्याला करावे लागत नसे. इ. स. पूर्व ४९ च्या मार्चमध्ये, सीझरचा प्रतिस्पर्धी पाँपे त्याला तोंड न देता इटली सोडून निघून गेला तेव्हा, आपणही पाँपेच्या मागे न जाऊन पाप केले या विचाराने सिसेरोला फॉर्मिए येथे झोप येईना. त्या तळमळीत त्याने मोहरेखाली जपून ठेवलेली अॅटिकसच्या पत्रांची गुंडाळी काढली, ती उलगडली, आणि अमुक तारखेस तुम्ही इटलीतच थांबण्याचा सल्ला दिला होता, तमुक तारखेसही तोच, असे एकामागून एक उतारे खुद्द अॅटिकसलाच लिहून पाठविले. मित्राचीच अक्षरे मित्रापुढे साक्षीला उभी करणारा हा वकील जिंकला, परंतु त्याचे मन हरले. जूनमध्ये तो पाँपेच्या छावणीकडे निघालाच.

अँटनीला लिहिलेले ते गोड पत्र पुढे बाहेर आले. इ. स. पूर्व ४४ च्याच सप्टेंबरात दोघांचे फाटले आणि अँटनीने ते भर सेनेटमध्ये वाचून दाखविले. सिसेरोने उत्तरादाखल लिहिलेल्या, अँटनीविरुद्धच्या दुसऱ्या ‘फिलिपिक’मध्ये, जे भाषणाच्या रूपात असूनही कधी भाषण म्हणून झाले नाही, खासगी पत्र चव्हाट्यावर आणणाऱ्यास माणसांत वावरण्याची रीत ठाऊक नाही असा संताप तर आहेच, पण मुरलेल्या वकिलाचा एक डावही आहे: मी ते पत्र नाकारले तर तू शाबीत कशावरून करणार, अक्षरावरून? ते तर कारकुनाच्या हातचे!

अॅटिकसला लिहिलेली चारशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. १३४५ मध्ये इटालियन कवी पेत्रार्कला ती व्हेरोना येथे सापडली. खुद्द अॅटिकसचे मात्र एकही पत्र उरलेले नाही. या सावध धनिकाने कोणतेही सरकारी पद स्वीकारले नाही, आणि अँटनीचे दिवस फिरले असताना त्याची बायको फुल्विया हिला, आप्तेष्ट पाठ फिरवीत असतानाही, त्याने आधार दिला. पुढे अँटनी व त्याच्या साथीदारांनी काढलेल्या वध्यांच्या यादीपायी इ. स. पूर्व ४३ च्या ७ डिसेंबरला सिसेरोचा शिरच्छेद झाला, आणि त्याचे मस्तक व लिहिता हात रोमच्या व्यासपीठावर टांगले गेले. अॅटिकस त्या सुमारास लपून बसला होता. अँटनीने त्याचा ठावठिकाणा काढला आणि वध्यांच्या यादीतून आपले नाव वगळले आहे, निर्धास्तपणे भेटीस यावे, असे पत्र त्याला धाडले. चरित्रकार कॉर्नेलियस नेपोस नोंदवितो की ते पत्र अँटनीने स्वहस्ते लिहिले होते.