विश्लेषण : पत्नीच्या चौकशीनंतरही सांचेझ सरकार का टिकले?

स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांच्या पत्नी बेगोन्या गोमेझ यांची पदाच्या प्रभावाचा गैरवापर केल्याच्या आरोपावरून माद्रिदच्या न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये चौकशी सुरू केली. सांचेझ यांनी आरोप फेटाळले. मात्र राजीनाम्याचा विचार करण्यासाठी पाच दिवस घेतले आणि २९ एप्रिलला पदावर राहण्याचे जाहीर केले.

२०२३ च्या निवडणुकीत ३५० पैकी त्यांच्या पक्षाला १२१ जागाच मिळाल्या. सरकार कॅटलान, बास्क पक्षांच्या टेकूवर उभे. तरी ते का पडले नाही?

स्पेनमध्ये अविश्वास ठरावातच पर्यायी पंतप्रधानाचे नाव द्यावे लागते, शिवाय १७६ मते लागतात. पीपल्स पार्टी (१३७) आणि अतिउजवा व्हॉक्स (३३) यांची बेरीज १७०. व्हॉक्सचा प्रादेशिक स्वायत्ततेलाच विरोध असल्याने उरलेली मते मिळणे कठीण. २०१८ मध्ये सांचेझ यांनी मारियानो राहॉय यांना याच मार्गाने हटवले. तेव्हा त्यांच्याकडे १८० मते होती.