थायामिनची उणीव आणि मेंदूचे पोषण

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा अवघा २ टक्के असला, तरी विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा एकट्या मेंदूस लागते. ती मुख्यत्वे ग्लुकोजपासून मिळते. परंतु रक्तातील बहुतेक पोषक घटक मेंदूत मुक्तपणे शिरू शकत नाहीत. तेथील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींस घट्ट जोडलेल्या असल्याने हे घटक विशिष्ट वाहक प्रथिनांच्या साहाय्यानेच पलीकडे जातात. ग्लुकोजचा वाहक वेगळा आणि ब-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजेच थायामिनचा, वेगळा.

ग्लुकोज आत पोहोचले म्हणजे पोषण झाले, असे नव्हे. त्यापासून ऊर्जा निर्माण करणाऱ्या काही प्रमुख विकरांना थायामिनची जोड लागते. ती नसल्यास लॅक्टिक आम्ल साचते, पेशींचा नाश होऊ लागतो आणि रक्त व मेंदू यांमधील ही सीमाही दुबळी होते. अन्न आहे, पण अग्नी नाही, या उपमेने वैद्यांना ही अवस्था सहज उमगेल.

शरीरातील थायामिनचा साठा सुमारे ३० मिलिग्रॅम असतो. पुरवठा थांबल्यास तो दोन-तीन आठवड्यांत संपुष्टात येतो. म्हणून दीर्घकाळचे मद्यपान, गर्भिणीची अनावर छर्दी व प्रदीर्घ लंघन या अवस्थांत विशेष सावध राहावे. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये वर्णिलेल्या तीन रुग्णांपैकी दोघे मद्यपी होते. तिसरी तरुणी गंधकाम्ल प्यायल्यानंतर सतत उलट्यांनी ग्रासलेली होती. नेत्रगतीतील दोष, चालताना तोल जाणे आणि संभ्रम ही या विकाराची प्रमुख लक्षणे होत. ती तिन्ही एकत्र थोड्याच रुग्णांत दिसतात; त्यामुळे अशा पार्श्वभूमीवर एखादे लक्षणही शंकेस पुरेसे मानावे.

अशा रुग्णास अशक्तपणा समजून केवळ ग्लुकोजचे सलाईन लावल्यास उरलेसुरले थायामिनही खर्ची पडून विकार बळावू शकतो. थायामिन ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत शिरेवाटे देणे इष्ट. मात्र रक्तशर्करा घटलेली असल्यास ग्लुकोज देण्यास विलंब करू नये.

औषधविक्रेत्यांनीही ध्यानात घ्यावे की, मद्यपी व्यक्तीत थायामिनचे शोषण मंदावते आणि उलट्या होणाऱ्याच्या पोटात गोळी टिकत नाही. अशा वेळी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांवर विसंबून न राहता रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. वेळीच उपचार झाल्यास नेत्रदोष बहुधा लवकर ओसरतो. विलंब झाल्यास स्मृतिभ्रंश कायमचा राहू शकतो.