उन्हाळी उमेदवारी : नकाशापासून साइटपर्यंत

परीक्षा संपल्या, की वास्तुकलेचे विद्यार्थी वास्तुविशारदांच्या आणि अंतर्गत सजावटकारांच्या कार्यालयांचे उंबरठे झिजवू लागतात. सुटीतील दीड-दोन महिन्यांच्या या उमेदवारीतून पदरात नेमके काय पडते, हे आधीच समजून घेतलेले बरे.

सक्तीचे आणि ऐच्छिक

वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष प्रशिक्षण सक्तीचे असते. सुटीतील उमेदवारी मात्र ऐच्छिक असून, ती या प्रशिक्षणात धरली जाईलच असे नाही. कार्यालय कोणाचे आहे, हेही पाहावे. १९७२ च्या कायद्यानुसार 'आर्किटेक्ट' हे बिरुद केवळ वास्तुकला परिषदेकडे नोंदणी केलेल्यांनाच लावता येते. अंतर्गत सजावटीच्या व्यवसायासाठी अशी वैधानिक नोंदणी नाही.

टेप आणि सूत

नवख्या उमेदवाराच्या वाट्याला बहुधा मोजमापाचे काम येते. खोलीची लांबी-रुंदी घेऊन भागत नाही, दोन्ही कर्णही मोजावे लागतात. कर्ण समान नसतील, तर खोली गुण्यात नाही हे उघड होते. हे नजरेतून सुटले, तर कागदावर नेमके बसणारे कपाट भिंतीला टेकत नाही.

महाविद्यालयात मिलिमीटरमध्ये नकाशे काढणाऱ्या विद्यार्थ्याला साइटवर सुताराची भाषा शिकावी लागते. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत सुमारे तीन मिलिमीटर. प्लायवूडचा प्रचलित तक्ता आठ फूट बाय चार फुटांचा, म्हणजे रुंदीला सुमारे १,२२० मिलिमीटर असतो. त्यातून ६०० मिलिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या निघतात. आरेखनात ६२५ मिलिमीटर लिहिले, तर एकच पट्टी निघते आणि उरलेला तुकडा त्या मापाला अपुरा पडतो. नकाशावरील एका आकड्याने ग्राहकाचा खर्च कसा वाढतो, हा धडा वर्गात सहसा मिळत नाही.

आधी विचारावे असे

दुसरी बाजूही आहे. काही ठिकाणी उमेदवाराला संपूर्ण सुटी संगणकापुढे बसवून केवळ नकाशांच्या दुरुस्त्या करून घेतल्या जातात. विद्यावेतन तुटपुंजे असते किंवा नसतेच. परगावाहून आलेल्या विद्यार्थ्याला खोलीभाडे आणि प्रवासाचा खर्च घरूनच मागवावा लागतो. परिणामी, ज्याच्या घरची ऐपत आहे त्यालाच चांगल्या कार्यालयाचा अनुभव परवडतो.

त्यामुळे रुजू होण्यापूर्वीच कालावधी, कामाचे तास, विद्यावेतन, साइटभेटी आणि प्रमाणपत्र यांविषयी लेखी खुलासा घेणे हिताचे. आपण केलेले नकाशे पुढे स्वतःच्या कामाच्या संग्रहात दाखवता येतील का, हेही विचारावे. ग्राहकाच्या घराचे तपशील परवानगीशिवाय बाहेर नेणे योग्य नव्हे. शक्य असल्यास दोन मोठी नावे शोधण्यापेक्षा, आठवड्यातून किमान एकदा साइटवर नेणारे एक लहान कार्यालय निवडावे. गवंडी, सुतार आणि वायरमन यांच्यासमोर स्वतःचा नकाशा उलगडून समजावता आला, की सुटी कारणी लागली असे समजावे.