इसब आणि त्याची निगा

सोलापूर जिल्ह्यातील नातेपुते हे गाव पंढरपूरच्या पालखीमार्गावर वसलेले आहे. या भागात पाऊस बेताचाच पडतो. हिवाळ्यात हवा इतकी कोरडी होते, की ओठ फुटतात आणि टाचांना भेगा पडतात. निरोगी माणसाला एवढा त्रास सोसवतो. परंतु ज्याला इसब आहे, त्याचे या दिवसांत फार हाल होतात.

इसबाचे प्रकार अनेक आहेत. लहान मुलांत नेहमी आढळणाऱ्या प्रकारास डॉक्टर ‘अॅटोपिक’ इसब म्हणतात. कोपराच्या व गुडघ्याच्या खळग्यात, मानेवर, मनगटावर कातडी लाल व खरखरीत होते आणि तिला अनावर खाज सुटते. खरूज सूक्ष्म किड्यांमुळे होते, नायटा बुरशीमुळे होतो. म्हणून ते एकापासून दुसऱ्यास लागतात. अॅटोपिक इसब मात्र स्पर्शाने मुळीच पसरत नाही.

मग तो होतो कशामुळे? आपली त्वचा ही एक भिंतच होय. पेशी या तिच्या विटा आणि त्यांमधील स्निग्ध द्रव्य हा तिचा चुना. काही मुलांत ही भिंत जन्मतःच कच्ची असते. तिच्या फटींतून आतला ओलावा उडून जातो आणि बाहेरची धूळ आत शिरते. भिंत मजबूत ठेवणाऱ्या ‘फिलॅग्रीन’ नावाच्या प्रथिनाची उणीव काही रुग्णांत असते, हे शास्त्रज्ञांना 2006 साली आढळून आले. अशा मुलांच्या घरात कोणाला दमा, तर कोणाला वारंवार शिंका येण्याची व्याधी असल्याचे पुष्कळदा दिसते.

खाजविल्याने क्षणभर बरे वाटते; पण नखांनी भिंत अधिकच ढासळते आणि खाज वाढते. रात्री झोप लागत नाही, मग वर्गात लक्ष कसे लागणार? हे दुष्टचक्र तोडणे हाच खरा उपाय होय.

त्यासाठी काही नियम पाळावेत. कढत पाण्याने स्नान करू नये. कोमट पाणी घ्यावे. अंग खसखसून घासू नये. अंग टिपून ते किंचित ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा डॉक्टरांनी सांगितलेले मऊ मलम लावावे. नखे कापलेली असावीत. सुती कपडे वापरावेत. थंडीत घोंगडी पांघरताना अंगाशी सुती चादर घ्यावी, कारण लोकर टोचते व खाज वाढविते.

इसब फार भडकल्यास डॉक्टर स्टेरॉइडचे मलम देतात. ते सांगितलेल्या जागी व सांगितलेले दिवसच लावावे. दुकानातून मनाने आणलेल्या मलमाने कातडी पातळ होऊ शकते. इसबातून पू येऊ लागला किंवा ताप आला, तर विलंब न करता दवाखाना गाठावा. दूध, अंडी यांसारखे पदार्थही डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून बंद करू नयेत. पुष्कळ मुलांचा इसब वयाबरोबर कमी होतो. तोवर रोजची निगा मात्र चुकवू नये.

याहून मोठे एक दुःख असते. लागण होईल या भीतीने सोबती दूर बसतात, खेळात घेत नाहीत. हे दुःख रोगाचे नव्हे, अज्ञानाचे आहे. पालखीच्या मुक्कामी अनोळखी वारकरीही मांडीला मांडी लावून जेवतात. मग वर्गातील आपल्याच सोबत्याला बाकावर एकटे का बसवावे? त्याच्या कातडीला मलम हवे, तसा त्याच्या मनाला स्नेह हवा. आणि तो देणे प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती आहे.