गुण येईपर्यंतचे दिवस

नैराश्यावरील औषधाची एक रीत प्रथम ध्यानी घ्यावी : त्रास आधी होतो, गुण मागाहून येतो. मळमळ, झोपमोड पहिल्याच आठवड्यात जाणवते. मन सावरू लागण्यास मात्र दोन ते चार आठवडे लागतात. पेडण्याहून वा डिचोलीहून बांबोळीच्या मनोरुग्णालयात जायचे म्हणजे अख्खा दिवस मोडतो. एवढे करूनही आठवड्यात उतार दिसला नाही की गोळ्या फडताळात पडतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोव्यातील चाचणीत फ्लुओक्सेटीन हे औषध निष्क्रिय गोळीहून सरस ठरले, ते दोन महिन्यांच्या मोजणीत.

बरे वाटू लागल्यावरही गोळी सहसा सहा महिने तरी चालू ठेवतात. एकाएकी सोडल्यास घेरी येते, चिडचिड होते. लोक याला व्यसन समजतात. ते खरे नव्हे. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. आरंभीच्या आठवड्यांत रुग्ण, विशेषतः पंचविशीच्या आतला, फार बेचैन झाला वा मरणाची भाषा बोलू लागला, तर घरच्यांनी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. अंगदुखीच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. दोहोंनी मिळून पोटात रक्तस्राव होण्याचा संभव वाढतो. आणि फेणी? सर्दीवर औषध म्हणून घेतलेला घोटही डॉक्टरांच्या कानी घालावा.